हाताने सहा, मग पाना

आमच्या घरात फिरवायची कुठलीही वस्तू मोजून फिरवली जायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण, स्टोव्हच्या टाकीचं बूच, मोरीतल्या नळाची टोपी, आईच्या शिवणयंत्राचा बारीकसा स्क्रू. बाबांच्या हातात यातलं काहीही आलं की त्यांचे ओठ हलू लागत. एक, दोन, तीन. आकडे बाहेर ऐकू येत नसत, पण आम्हाला ते दिसत. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आईने कधी केलंच नाही. तिसरी झाली की आतल्या खोलीतून पेपरामागून आवाज यायचा, "तीन." आई सांगे की सप्तपदीच्या वेळी पाच पावलं झाल्यावर यांनी हळूच माझ्या कानात आकडा सांगितला, भटजींवर यांचा भरवसा नव्हता. बाबा यावर हसत नसत. भटजी घाईत होते, एवढंच म्हणत.

बाबा वर्तकनगरजवळच्या एका टायरच्या दुकानात फिटर होते. चाकं काढणं, लावणं, त्यांचा तोल बघणं, सरळ चालत नसलेली गाडी सरळ चालवून देणं हे त्यांचं काम. आम्ही जवळच्याच वसाहतीत दोन खोल्यांत राहत असू. दुकानातला हवेचा पंप सुरू झाला की त्याची धडधड आमच्या मोरीपर्यंत यायची आणि दुपारी दीडला ती थांबली की आई तवा चढवायची, कारण बाबा जेवायला निघालेले असत. आल्यावर ते मोरीत उकिडवे बसून रॉकेल आणि लाकडाचा भुसा घेऊन हात चोळत, मग साबण, मग परत भुसा. तरी नखांच्या कडांना काळं राहायचंच. रविवारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असे. लहानपणी बाबा मला त्यातला पहिला घास भरवत, त्याला किंचित रबराचा वास यायचा. पुढे कितीतरी घरी बिरडं खाल्लं, चांगलंच होतं, पण काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं लागलं.

दुकानात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला शाळेने पाढे शिकवण्याच्या आधी शिकवला. हाताने सहा, मग पाना. चाकाचा बोल्ट भोकात धरायचा आणि नुसत्या बोटांनी फिरवायचा. टेकण्याआधी तो किमान सहा वेढे आत गेला पाहिजे. सहा वेढे गेला म्हणजे त्याचे सहा आटे आतल्या आट्यांत गुंतले, आता तो चाक धरील. त्याआधीच टेकला तर तो बोल्ट त्या चाकाचा नाही, मग पाना हातात घ्यायचाच नाही. "पान्यानं काय, काहीपण आवळता येतं," ते म्हणत. "माणसाला वाटतं घट्ट बसलंय. घट्ट बसणं वेगळं आणि धरणं वेगळं." मी पुढे आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं आणि नको तितकं तत्त्वज्ञान हाताखालून गेलं. या वाक्याच्या तोडीचं त्यात फार थोडं निघालं.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. डोंबिवली पूर्वेला त्यांचा स्वतःचा ब्लॉक होता आणि दारावर पितळी पाटी होती. पाटीवर त्यांचं नाव, पदविका, कंपनीतला हुद्दा, आणि खाली सोसायटीचे अध्यक्ष असल्याची नोंद. पाटी भरल्यामुळे काकूंच्या नावाला जागा राहिली नव्हती. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मी आजही म्हणेन. ते फक्त सतत कुणाच्या तरी समोर असत. एकटे चहा पितानाही समोर श्रोते असल्यासारखा कप धरत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बदललं तेव्हा त्यांनी नारळ फोडून भाषण केलं होतं, आणि भाषणात पाण्यापेक्षा स्वतःच्या पाठपुराव्याबद्दल जास्त होतं. बाबांना ते दिगू म्हणत. बाबा त्यांना अहोजाहो करत. भावाभावांत असं अंतर का, हे मी आईला विचारलं तर ती म्हणाली, अगं, त्यांच्यासमोर उभं राहिलं की तोंडातून आपोआप अहो निघतं.

मीनाताई ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिच्यासारखं चालावं, तिच्यासारखी वेणी पुढे टाकावी, असं मला वाटे. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे लोक पुण्याहून दोन दिवस राहायला यायचे होते, आणि त्यांच्या येण्याच्या बेताने अण्णाकाकांनी जुनी गाडी रंगवून घेतली. रंगवलेल्या गाडीला साधी चाकं शोभेनात, म्हणून आखातातल्या एका मित्राकडून मॅगव्हील मागवली. आता त्यांना अलॉय म्हणतात आणि ती रिक्षालाही लावलेली मी पाहिली आहेत. तेव्हा ती लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बापाने बाळगावी अशी वस्तू होती. चार चाकं चार खोक्यांत आली. आरशासारखी चकचकीत, जाड, फुलाच्या पाकळ्यांसारखी कापलेली. बोल्ट मात्र आले नव्हते. ते येत नाहीत, ते गाडीप्रमाणे वेगळे घ्यावे लागतात, पण मित्राला ते ठाऊक नव्हतं आणि अण्णाकाकांना ते विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. बोल्ट म्हणजे बोल्ट.

चाकं लावायला शनिवारी दुपारी बाबा डोंबिवलीला गेले, आणि मीनाताई भेटेल म्हणून मीही गेले. मीनाताई पार्लरमध्ये गेली होती. काकू स्वयंपाकघरात पुरणाच्या मागे होत्या. मग मी खाली येऊन बाबांजवळ पायरीवर बसले. त्यांनी पहिलं जुनं चाक उतरवलं, नवं चढवलं, गाडीचाच एक बोल्ट उचलला, ओठ हलू लागले. आणि थांबले. त्यांनी बोल्ट काढला, पुसला, परत लावला. परत थांबले. दुसऱ्या भोकात, तिसऱ्या भोकात, तेच. चार वेढे झाले की बोल्टचं डोकं चाकाला टेकत होतं. त्यांनी मला जवळ बोलावून जुनं चाक आणि नवं चाक शेजारी उभं करून दाखवलं. जुनं पत्र्याचं, भोकापाशी बोटाच्या कांड्याएवढंही जाड नाही. नवं दोन बोटं जाड. बोल्टची अर्धी लांबी चाकाच्या अंगातच संपत होती. "डोकं पोचतंय," बाबा म्हणाले, "शेपूट पोचत नाही."

अण्णाकाका झब्बा घालून खाली आले तेव्हा बाबा नवी चाकं परत खोक्यांत भरत होते. मी पायरीवरच होते. तिथे आम्ही तिघंच होतो, हे मुद्दाम सांगते. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, बोल्ट हातात देऊन सांगितलं. लांब बोल्ट त्यांनी बाजारात पाहिले होते, पण त्यांची बूडं, म्हणजे डोक्याखालची बैठक, सपाट येतात. या चाकाची भोकं आत निमुळती आहेत, बोल्टचं बूडही तसंच निमुळतं हवं, वाटीत वाटी बसावी तसं. शहाडला एक लेथवाला ओळखीचा आहे, तो कापून देईल. उद्या रविवार, पण माझ्यासाठी उघडेल. उद्या दुपारपर्यंत सोळा बोल्ट घेऊन येतो.

"उद्या?" अण्णाकाका म्हणाले. "दिगू, मंडळी आज संध्याकाळी येतायत."

"पत्र्याच्या चाकांवर राहू दे आजच्या दिवस."

"पूजा आज आहे. फोटोवाला आज आहे."

बाबा खोकी बंद करत राहिले. अण्णाकाकांनी आवाज खाली आणला, आणि तो खाली आणला की माणसाला नाही म्हणता येत नसे. म्हणाले, नुसतं शोभेला लाव रे. कुठे जाणार आहे गाडी? इथेच उभी राहील.

"फाटकाबाहेर जायची नाही, अण्णा," बाबा म्हणाले. "मी बोल्ट बदलीपर्यंत फाटकाबाहेर नाही. शब्द द्या."

"अरे, मी काय लहान आहे का? दिला शब्द."

आणि बाबांनी चार वेढ्यांवर पाना लावला. सोळाच्या सोळा बोल्ट. त्यांनी आवळताना आकडे म्हटले नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मला वाटलं, दमले असतील.

संध्याकाळी पूजा झाली. गाडीला हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. लिंबं चिरडायची असतात, तेव्हा अण्णाकाका आत बसले, इंजिन सुरू केलं आणि गाडी चार लिंबांइतकी पुढे आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने चाकाशी बसून फोटो काढला, त्यात पाहुण्यांची पावलं आणि अण्णाकाकांचा झब्बा चाकात वाकडा उमटलेला दिसतो. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात बाबा नाहीत, ते मागे उभे राहून त्या लिंबांकडे बघत होते.

रविवारी सकाळी मी बाबांबरोबर शहाडला गेले. का गेले, याला काही कारण नाही. आईने डबा दिला होता आणि डबा नेणारी मी. बाबांनी वाटेत दुकान उघडायला लावून सोळा लांब बोल्ट घेतले होते, कापडी पिशवीत ते खुळखुळत होते. लेथवाले तुकारामशेठ तिथल्याच गावातले, सावकाश माणूस, आधी चहा, मग काम. त्यांची शेड रस्त्याला लागून होती आणि पलीकडे रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरू बांधलेलं. बाबा आत लेथपाशी उभे राहिले. मला आत बसायला जागा नव्हती, म्हणून मी गुऱ्हाळाच्या बाकावर बसले आणि रस घेतला. प्रत्येक बोल्ट सुरू होताना लेथ आधी किंचाळायचा, मग लोखंडाचा सूर लागायचा, मग शांत. एका बोल्टला आठ-दहा मिनिटं. कामच नव्हतं, तर मी किंकाळ्या मोजत बसले. ती सवय घरातली.

सातवी किंकाळी झाली आणि मी रस्त्याकडे बघितलं, तर समोर ती चाकं होती. चाकं आधी दिसली, मग गाडी. पुढे एक ट्रक वळण घेत अडकला होता आणि त्याच्यामागे अण्णाकाकांची गाडी उभी होती, माझ्यापासून दहा पावलांवर. पुढच्या सीटवर पुण्याचे व्याही, मागे दोघी विहिणी आणि खिडकीशी मीनाताई. तिने काळा चष्मा लावला होता. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला.

"शुभे! तू काय करतेस इथे? टिटवाळ्याला चाललोय गणपतीला. येतेस?"

मी हात हलवला. म्हटलं, "नको, बाबा आत आहेत."

अण्णाकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग शेडकडे. मग समोर ट्रककडे. ते तसं का बघत होते हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. फाटकाबाहेर जायची नाही, हे शब्द मी आदल्या दिवशी कानांनी ऐकले होते. मला फक्त उठून म्हणायचं होतं की काका, बाबा आत बोल्ट कापतायत, दहा पावलांवर, थांबा. पण पुढे परके गृहस्थ बसले होते. आदल्या रात्री जेवताना कुणीतरी टिटवाळ्याचं नाव काढलं असणार, आणि व्याह्यांपुढे ही गाडी नुसती बघायची आहे, हे अण्णाकाकांनी कसं म्हणावं? जे त्यांना म्हणता आलं नाही ते मी, सोळा वर्षांची मुलगी, रस्त्यात, रसाचा ग्लास हातात धरून कसं म्हणणार होते? शिवाय मीनाताईने मला सगळ्यांदेखत हाक मारली होती याचा मला आनंद झाला होता. ट्रक वळला. गाडी गेली. मी अर्धा ग्लास रस आणखी मागितला.

मी उठून आत का गेले नाही, याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली आणि प्रत्येक दशकात वेगळं सापडलं. काका मोठे आहेत, त्यांना समजत असेलच. बाबांना सांगितलं तर ते रागावतील, आणि मला त्यांचा राग बघवत नाही. यातलं एखादं खरंही असेल. आठवी किंकाळी झाली, नववी, दहावी, अकरावी. अकराव्यानंतर तुकारामशेठ तंबाखू मळायला थांबले आणि बाबा दारात आले, हातात नवा कापलेला बोल्ट, त्याचं निमुळतं बूड मला दाखवायला. ते खूश होते. मी म्हटलं, मीनाताई हात करून गेली, गाडीतून, टिटवाळ्याला.

"कधी?"

"आत्ताच."

बाबांनी पिशवी उचलली, अकरा कापलेले आणि पाच सपाट, सगळेच, आणि रस्त्यावर धावले. मी त्यांना त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. एक विटांचा टेंपो थांबला. टेंपोवाल्याला बाबा सांगत होते, आत्ताच गेलेय, रंगवलेली गाडी, गाठता येईल. आत्ताच गेलेय. त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं की टेंपोवाला म्हणाला, काका, समजलं. म्हारळ गेलं, वरप गेलं. प्रत्येक वळणाला बाबा पुढे वाकत.

कांब्याच्या पुढे रस्त्याकडेला गर्दी होती, पण ती पांगत आली होती. गाडी चारीत कलंडून बाभळीला टेकली होती आणि आत कुणीच नव्हतं. सगळ्यांना एका जीपमधून कल्याणला नेलं होतं, बराच वेळ झाला, असं एकजण म्हणाला. बराच वेळ. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मागचं डावं चाक निघालं होतं. ते पलीकडच्या शेतात जाऊन आडवं पडलं होतं, एकही ओरखडा नाही, त्यात आभाळ दिसत होतं. बाबा गाडीपाशी खाली बसले आणि रस्त्यावरून एक बोल्ट उचलला. टोकाचे चार आटे सोलून निघाले होते. बाकीचे तसेच, नवे.

कुणी दगावलं नाही. हे वाक्य आमच्या नातेवाइकांत पुढे इतक्या समाधानाने म्हटलं जाई की जणू त्याचा अर्थ काही झालं नाही असा होता. अण्णाकाकांचा खांदा मोडला. पुण्याच्या विहीणबाईंच्या कपाळाला टाके पडले. मीनाताईचा डावा पाय पुढच्या सीटखाली सापडला होता, त्यावर तीन वेळा शस्त्रक्रिया झाली आणि तो कायमचा दोन बोटं आखूड राहिला. तिच्यासारखं चालावं असं मला वाटे, हे मी वर लिहिलं आहे. ते खोडावं असं लिहितानाच मनात आलं होतं, पण राहू दिलं. पुण्याहून पत्र आलं, त्यात योग नव्हता असं लिहिलं होतं. माणसाचं नाव घ्यायचं नसलं की आपल्याकडे योग कामाला येतो.

पंधरा दिवसांनी अण्णाकाकांच्या हॉलमध्ये सगळे जमले. कुणी बोलावलं होतं आठवत नाही. दोन आत्या, त्यांचे यजमान, सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांचा यात काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही. अण्णाकाका हात गळ्यात बांधून मधल्या खुर्चीत बसले होते. बाबा दाराजवळच्या स्टुलावर. मी आणि काकू पोह्यांच्या बश्या फिरवत होतो. बाईमाणसाला अशा प्रसंगी ही एक सोय असते, हातात बशी असली की तोंड उघडावं लागत नाही.

"चाकं तू लावलीस?" अण्णाकाकांनी विचारलं.

"हो."

"तू तर मोजून लावतोस म्हणे. मोजले होतेस?"

"मोजले होते," बाबा म्हणाले.

"मग मला एका शब्दानं सांगायचंस, दिगू. एका शब्दानं. मी गाडी बाहेर काढली असती का? माझी मुलगी आत बसली असती का?"

ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तोवर त्यांचा त्यावर विश्वास बसला असावा. समोर माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर ते दुसरं काही म्हणू शकत नव्हते, स्वतःशीसुद्धा. थोरल्या आत्या म्हणाल्या, दिगू, बोल की रे काहीतरी. आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही मागितलं नाही. फक्त बघितलं. पायरीवर मी होते, हे खोलीत आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी म्हटलं असतं, सांगितलं होतं, काका, तुम्ही शब्द दिला होतात, तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, मग रविवारी तुम्ही दोघं कुठे होतात? शहाडला? गाडी तर शहाडवरूनच गेली. आतल्या खोलीत मीनाताई पाय उंच बांधून पडली होती आणि दार उघडं होतं. ती आतून म्हणाली असती, शुभा दिसली होती की मला, हात केला मी तिला.

मी बशी ठेवली आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. मागे बाबांचा आवाज ऐकू आला.

"चुकलं माझं."

दुकानाच्या मालकांनी बाबांना जा म्हटलं नाही. बाबाच टिकले नाहीत. ते हाताने सहा मोजत, मग बोल्ट परत बाहेर काढत, परत सहा मोजत. एका चाकाला अर्धा तास लागू लागला. गिऱ्हाईक ओरडलं की ते पाना खाली ठेवून नुसते उभे राहत. पावसाळ्यानंतर त्यांनी काम सोडलं आणि ठाण्यात एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. खाकी गणवेश, स्टूल, आणि नखं पहिल्यांदाच स्वच्छ. त्या इमारतीला चारच मजले होते. यात मी काही अर्थ शोधत नाही, बहुतेक इमारती तेव्हा चारच मजल्यांच्या असत. वीस वर्षं त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. घरी आकडे बंद झाले. कुकर चौथी, पाचवी शिट्टी देई आणि आई पिठाच्या हातांनी धावत येई. "अहो, मोजलं नाहीत का?" असं तिने एकदाच विचारलं.

बाबा माझ्यासाठी गप्प राहिले होते, हे मला फार उशिरा सुचलं. सुचलं म्हणते, कारण ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि चुकीचंही असेल. भावाच्या मानासाठी गप्प राहिले असतील. अंथरुणातल्या पुतणीसाठी राहिले असतील. सांगून काही उपयोग नाही, इतकं साधंही असेल. अण्णाकाका गेले तेव्हा त्यांच्या शोकसभेत अचूकतेचा ध्यास असलेलं व्यक्तिमत्त्व असं कुणीतरी म्हणालं आणि बाबांनी खाली मान घालून टाळी वाजवली, शोकसभेत टाळी वाजवत नाहीत हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मीनाताई डोंबिवलीतच राहते, शिकवण्या घेते. एकदा, आम्ही दोघीही पन्नाशीकडे झुकलो असताना, ती सहज बोलता बोलता म्हणाली, त्या दिवशी म्हारळला आम्ही वडे खायला थांबलो होतो अर्धा तास, व्याह्यांना फार आवडले, अजून ती चव आठवते बघ. मी हो म्हटलं. अर्धा तास. तो विटांचा टेंपो भरलेला असूनही म्हारळला दहा मिनिटांत पोचला होता.

बाबा गेले त्या वर्षी ते माझ्याकडेच होते, वर्तकनगरलाच, आता उंच झालेल्या एका इमारतीत. दुपारची वेळ होती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी ते गाण्यात वाजवून सांगत होती. बाबा खिडकीपाशी कॉटवर पडले होते, डोळे मिटून. मला वाटलं झोपलेत. मी वालाच्या डाळिंब्या सोलत होते.

"शुभा," ते म्हणाले, "गाडी गेली तेव्हा कितवा चालू होता?"

शहाड हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गरज नव्हती. त्यांच्याकडे वेळ मोजायला घड्याळ नव्हतं त्या दिवशी, बोल्ट होते. इतकी वर्षं ते तेच मोजत होते की आजच आठवलं, ते मी विचारलं नाही. हातातली डाळिंबी मी सोलून वाटीत टाकली. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, मला कुणाला घाबरायचं कारण नव्हतं, कपाटात जाड कापडी पिशवी होती आणि तिच्यात अकरा कापलेले आणि पाच सपाट. सातवा, बाबा. दोन शब्द होते.

"अकरावा," मी म्हटलं. "अकरावा संपत आला होता."

त्यांचे ओठ हलले. किती वर्षांनी हलताना पाहिले. बराच वेळ ते मोजत होते, म्हारळपर्यंत, कांब्यापर्यंत, कुठवर कोण जाणे.

"मग नसतीच सापडली," बाबा म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.